परिषद आखताना आधी प्रतिनिधींचा दिवस मांडा : कोकणातल्या संयोजन समित्यांना खुले पत्र

प्रति,
कोकणात परिषदा, अधिवेशनं, चर्चासत्रं आणि संमेलनं भरवणाऱ्या सर्व संयोजन समित्यांचे अध्यक्ष, कार्यवाह आणि सदस्य यांस,

सप्रेम नमस्कार.

भातकापणी आटोपली, दिवाळी झाली की आपल्याकडे परिषदांचे दिवस सुरू होतात. शिक्षकांची अधिवेशनं, डॉक्टरांच्या परिषदा, ग्रंथालयवाल्यांचे मेळावे, महाविद्यालयांची चर्चासत्रं. रत्नागिरी-गणपतीपुळे रस्त्यापासून थोडं आत आमचं घर आहे आणि त्यातल्या काही खोल्या आम्ही पाहुण्यांना देतो. समितीने ठरवलेली हॉटेलं भरली की उरलेले प्रतिनिधी आमच्याकडे येतात. दिवसभर ते तुमच्या सभागृहात असतात, रात्री जेवून आमच्या पडवीत येऊन बसतात. अभिप्रायाच्या फॉर्मवर 'उत्तम नियोजन' असं लिहून आलेली माणसं पडवीत मोकळेपणी बोलतात. ते मी वर्षानुवर्षं ऐकत आले आहे. तुमच्यापर्यंत ते पोचत नाही, म्हणून हे पत्र.

तुम्ही किती राबता ते मला माहीत आहे. परिषदेच्या आदल्या रात्री मांडववाल्यापाशी उभे असलेले कार्यवाह मी पाहिले आहेत. तुमच्या कष्टांबद्दल माझी काहीच तक्रार नाही. म्हणणं एवढंच आहे की परिषदेची आखणी व्यासपीठापासून सुरू होते. उद्घाटक कोण, खुर्च्या किती, सत्कार कुणाकुणाचे, हे आधी ठरतं आणि उरलेल्या वेळात, उरलेल्या पैशात प्रतिनिधींना बसवलं जातं. ही आखणी उलटी करून पाहा. नांदेडहून, जळगावहून, साताऱ्याहून येणारं एक माणूस डोळ्यांसमोर आणा. ते घराबाहेर पडतं तिथपासून परत घरी पोचेपर्यंतचा त्याचा एकेक तास कागदावर मांडा. व्यासपीठाची जागा त्या कागदावर आपोआप ठरेल.

सुरुवात तारखेपासून करते. तारीख बहुतेक वेळा उद्घाटकांच्या सोयीने ठरते. त्यांची वेळ मिळाली की मग पत्रिका छापायला जाते आणि प्रतिनिधींच्या हातात ती पडते तेव्हा जेमतेम महिना उरलेला असतो. रेल्वेचं आरक्षण आता प्रवासाच्या ६० दिवस आधी उघडतं; १ नोव्हेंबर २०२४ पूर्वी ही मुदत १२० दिवसांची होती. कोकणकन्या, मांडवी, जनशताब्दी, तुतारी या गाड्यांची शनिवार-रविवारला लागून असलेली तिकिटं भराभर संपतात. महिनाभर आधी कळलेल्या माणसाला मग रात्रभर बसमध्ये अवघडून यावं लागतं. मुंबई-गोवा महामार्गाचं रुंदीकरण किती वर्षं चाललंय आणि त्या रस्त्याने काय हाल होतात, ते तुम्हाला मी सांगायला नको. तारीख किमान तीन महिने आधी जाहीर करा आणि आरक्षण ज्या दिवशी उघडतं त्या दिवशी सगळ्यांना एक आठवणीचा संदेश पाठवा. पैसा लागत नाही, पण निम्मी माणसं ताजीतवानी पोचतात.

तारीख धरताना कोकणाचं स्वतःचं पंचांगही बघायला हवं. शिमग्यात परिषद ठेवली तर गाडीवाला मिळणार नाही, आचारी मिळणार नाही आणि मांडववालाही गावच्या पालखीबरोबर असेल. त्याला कुणी अडवू नये, तो त्याचा हक्काचा सण आहे. गणपतीत तर चाकरमान्यांनाच गाडीत पाय ठेवायला जागा नसते. मालवण-कुडाळ भागात काही ठेवायचं असेल तर आंगणेवाडीच्या भराडी देवीच्या जत्रेची तारीख आधी विचारून घ्या. ती दरवर्षी कौल लावून ठरते, छापील कॅलेंडरवर आधी सापडत नाही, आणि त्या दिवसांत लाखो माणसं तिकडे लोटतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये दहावी-बारावीच्या परीक्षा असतात, शाळा-महाविद्यालयांची सभागृहं अडकलेली असतात. 'आंबे खायला मिळतील' म्हणून एप्रिल-मे धरणारेही आहेत. त्या दिवसांत बागायतदाराला मान वर करायला फुरसत नसते, टेम्पो पेट्यांना लागलेले असतात आणि दुपारी दोन वाजता पत्र्याच्या सभागृहात बसून शोधनिबंध ऐकणं ही शिक्षा होते. पावसाळ्यात कोकण सगळ्यात देखणं, हे खरं. पण तेव्हा कोकण रेल्वेचं वेळापत्रक वेगळं असतं, दरडींच्या भीतीने गाड्या मुद्दाम सावकाश चालवतात, आणि १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते. माणसं मोजकी असतील आणि हाताशी एक जास्तीचा दिवस असेल तर पावसात जरूर भरवा. मोठी परिषद मात्र नको.

मला विचाराल तर डिसेंबरचा पहिला पंधरवडा घ्या. सकाळी हवेत गारवा असतो, आकाश स्वच्छ असतं, नाताळच्या सुट्टीची गर्दी अजून आलेली नसते आणि खोल्यांचे भावही आवाक्यात असतात.

आता पोचण्याबद्दल, कारण पडवीतल्या तक्रारींत हीच पहिली. कोकण रेल्वे आपल्या किनाऱ्यावरच्या गावांपासून आत, डोंगराच्या अंगाने जाते. मालवणला स्टेशन नाही, गुहागरला नाही, दापोलीला नाही. रत्नागिरीचं आहे, तेही गावाबाहेर. कोकणकन्या रात्री मुंबईहून निघते आणि उजाडायच्या आत माणसाला रत्नागिरीला उतरवते. नोंदणी नऊ वाजता, खोली दुपारी बाराला. मधले तास कुणाचेच नसतात.

एका परिषदेच्या सकाळी एक बाई आमच्या फाटकाशी रिक्षातून उतरल्या. वय साठीच्या पुढचं, विदर्भातल्या शाळेतून निवृत्त झालेल्या. आधी त्या थेट सभागृहावर गेल्या होत्या. तिथे कुलूप, एक पहारेकरी आणि मांडवाचे बांबू. पायरीवर बॅगेवर हात ठेवून तासभर बसल्या, शेवटी पहारेकऱ्यानेच त्यांना रिक्षा करून दिली. त्यांना पहिल्याच सत्रात बोलायचं होतं. रात्रभराच्या प्रवासाने साडीच्या चुण्या पडलेल्या, आणि सगळ्यात आधी त्यांनी काय विचारलं असेल तर, "आंघोळीला गरम पाणी मिळेल का हो?" बंब पेटलेलाच होता. आंघोळ झाली, मऊभात, मेतकूट आणि वर तुपाची धार असं पान समोर ठेवलं. तासाभरात त्या मनाने इथे पोचल्या. पुढे कधीही फोन झाला की त्या परिषदेतली त्यांना आठवते ती ही सकाळ. त्यांनी स्वतः वाचलेल्या निबंधाचा विषय मला अजून कळलेला नाही.

यात आमचं कौतुक सांगण्याचा हेतू नाही. जे आम्ही एका पाहुण्यासाठी केलं ते समितीला शंभरांसाठी करता येतं. नोंदणीच्या फॉर्मवर 'कोणत्या गाडीने, किती वाजता' एवढा एक रकाना घाला. पहाटेच्या गाडीला स्टेशनवर फलक धरून दोन विद्यार्थी उभे करा. जवळच्या एखाद्या मंगल कार्यालयात आंघोळीची सोय करा. लग्नाची तिथी नसली की ती रिकामीच असतात. तिथे गरम पाणी, चहा आणि मऊभात ठेवा. बायकांसाठी कपडे बदलायला कडी लागणारी खोली आणि स्वच्छ संडास, हे लिहावं लागतं याचं वाईट वाटतं, पण लिहायलाच हवं.

सभागृहाबद्दल थोडक्यात. जनरेटर आहे का हे सगळे विचारतात. तो सुरू कुणी करायचा आणि डिझेल भरलंय का, हे आदल्या दिवशी बघा. माईक पुढच्या रांगेतून तपासू नका, शेवटच्या रांगेत जाऊन ऐका. व्हीलचेअरला उतार हवा, आणि पाण्याची सोय सभागृहाच्या दाराशी हवी.

व्यासपीठाबद्दल मात्र जरा सविस्तर बोलते, कारण परिषदेचा खरा वेळ तिथे जातो. दहाचं उद्घाटन अकराला सुरू होतं. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, प्रास्ताविक, पाहुण्यांचा परिचय, शाल-श्रीफळ, मग ज्यांनी शाल दिली त्यांनाही शाल. बीजभाषणाला उभे राहणारे विद्वान घड्याळाकडे बघत बोलतात. जेवण दोनला सुटतं. त्यानंतर ज्यांनी वर्षभर खपून काही काम केलंय ती तरुण मुलं-मुली आपला निबंध घेऊन उभी राहतात, तेव्हा अध्यक्ष सांगतात, "दोन मिनिटांत आटपा." दोन मिनिटं त्या मुलांना आणि दोन तास सत्काराला, हा हिशेब मला मान्य नाही. तुम्हालाही मनातून तो मान्य नसावा.

मराठवाड्यातली एक मुलगी अशीच आमच्याकडे उतरली होती. खाडीत तिसऱ्या आणि मुळे, म्हणजे शिंपल्यातले जीव, काढून विकणाऱ्या बायकांच्या कमाईवर तिचं काम होतं. सुट्टीच्या दिवशी येऊन, टोपल्या मोजून, बायकांशी बोलून तिने नोंदी केल्या होत्या. सभागृहात तिचं बोलणं दुसऱ्या मिनिटाला थांबवलं गेलं. रात्री पडवीत बसलेल्या चौघांनी तिला म्हटलं, आम्हाला सांग. तिने लॅपटॉप झोपाळ्यावर ठेवला आणि सगळं सांगितलं. शेजारची काकी ताक द्यायला आली होती, ती दाराशी उभी राहून ऐकत होती. कमाईचे आकडे एका आठवड्याला वर, दुसऱ्याला खाली का जातात हे मुलीला उलगडत नव्हतं. काकी म्हणाली, "बाय, वारावर काय असतंय? तिथी बघ. आवस-पुनवेला पाणी लांब जातंय, अष्टमीला जातच नाय. पाणी गेलं तर टोपली भरंल ना?" काकीची निम्मी जिंदगी ओहोटीबरोबर खाडीत उतरण्यात गेली आहे. उधाण आणि भांग, म्हणजे मोठी आणि लहान भरती-ओहोटी, तिला पुस्तकातून शिकावी लागली नव्हती. मुलीने तिथेच नोंदवहीतल्या तारखांपुढे तिथ्या लिहायला घेतल्या. बाकीचे तिघं-चौघं मोबाइलवर पंचांग उघडून तिला सांगत होते. रात्री साडेअकरापर्यंत हे चाललं होतं.

परिषद यासाठीच असते ना? एकाचं काम दुसऱ्याच्या कानावर पडावं, आणि ज्याला खरं ठाऊक आहे असं माणूस तिथे असावं. आमच्या पडवीत ते योगायोगाने घडलं. तुमच्या कार्यक्रमपत्रिकेत ते ठरवून घडवता येईल.

जगात हे कुणी करत नाही असंही नाही. हॅरिसन ओवेन नावाच्या एका अमेरिकन माणसाने वर्षभर राबून एक मोठी परिषद भरवली. लोकांना त्यातलं सगळ्यात काय आवडलं? मधल्या कॉफीच्या सुट्ट्या. त्यातून धडा घेऊन त्याने १९८५ मध्ये 'ओपन स्पेस' नावाची पद्धत सुरू केली. खुर्च्या गोलात मांडायच्या. ज्याला जो विषय बोलायचा असेल त्याने तो कागदावर लिहून भिंतीवर लावायचा, वेळ आणि जागा ठरवायची, आणि ज्यांना रस असेल त्यांनी तिथे जमायचं. जिथे आपण काही शिकत नाही आणि काही देतही नाही तिथून उठून दुसऱ्या गटात जायला पूर्ण मुभा. दोन दिवसांच्या परिषदेत अशी एक अख्खी दुपार ठेवून पाहा. आपल्याकडे त्यासाठी सभागृहही लागत नाही, नारळीच्या बागेतली सावली पुरते. जपानमध्ये २००३ मध्ये सुरू झालेली 'पेचाकुचा' ही रीतही आपल्या उपयोगाची आहे: २० चित्रं, प्रत्येकावर २० सेकंद, म्हणजे ६ मिनिटं ४० सेकंदांत बोलणं पूर्ण. सगळ्यांना सारखा वेळ, मान्यवरांनाही तेवढाच. मग दोन मिनिटांत कुणाला आटपायला सांगावं लागत नाही.

स्थानिक माणसांना श्रोते म्हणून मागे बसवू नका, बोलायला बोलवा. मासेमारीवर परिषद असेल तर दालदी मच्छीमारांच्या वाड्यातले दोन तांडेल, म्हणजे होडीचे प्रमुख, व्यासपीठावर हवेत. आंब्यावर असेल तर फवारणी करणारा गडीही हवा. साहित्याची असेल तर गावच्या ग्रंथालयाचा ग्रंथपाल हवा. २०१३ च्या जानेवारीत चिपळूणला ८६ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं, त्याचं यजमानपद लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिराने केलं होतं. १८६४ पासूनचं ते वाचनालय. एका तालुक्याच्या गावातलं वाचनालय एवढा भार पेलू शकतं, कारण त्याच्यामागे गाव उभं असतं. २०२१ च्या जुलैतल्या पुरात त्याच वाचनालयात पाणी शिरलं आणि पुस्तकांचं फार नुकसान झालं. ते पुन्हा उभं करायलाही माणसं धावली.

जेवणाबद्दल मी बोलले नाही तर आमच्या स्वयंपाकघरातल्या बायका मला माफ करणार नाहीत. परिषदेत पनीरची भाजी, जिरा राइस आणि गुलाबजाम वाढू नका. हे सगळं माणूस आपल्या गावात खातोच. इथे आलेल्याला कुळथाची पिठी आणि तांदळाची भाकरी द्या, घावणे द्या, वालाचं बिरडं द्या, नीरफणसाचे काप द्या, फेब्रुवारी असेल तर ओल्या काजूची उसळ द्या. उकडीचे मोदक शंभर माणसांना पुरे पडतात का, असं विचारतात. पडतात. गावातल्या बचत गटाला आठवडाभर आधी सांगितलं तर चारशे मोदक कळ्यांसकट होतात. सोलकढी मात्र त्या त्या वेळेलाच करायला सांगा, नारळाचं दूध ठेवून चालत नाही. मासे ठेवणार असाल तर वेगळं टेबल, वेगळे वाढणारे आणि तसा स्पष्ट फलक. खाणाऱ्यांचीही सोय होते आणि न खाणाऱ्यांचा जीवही अवघडत नाही. मधुमेहाच्या माणसांसाठी नाचणीची भाकरी असतेच आपल्याकडे, फक्त ती रांगेच्या शेवटी लपवून ठेवू नका.

आणि जेवायला बसू द्या. हातात ताट धरून उभ्याने जेवणारी माणसं शेजारच्याशी बोलत नाहीत, ती ताट सांभाळतात. पंगत बसवली तर अर्धा तास जास्त लागतो. त्या अर्ध्या तासात जळगावचा माणूस सावंतवाडीच्या माणसाशी बोलतो. तो वेळ सत्कारातून काढा.

सहलीच्या बाबतीतही असंच. 'स्थलदर्शन' म्हणून एका दुपारी गणपतीपुळे, मालगुंड, थिबा राजवाडा, पतितपावन मंदिर आणि भाट्ये किनारा असे पाच ठिपके जोडलेले मी पत्रिकांत वाचते. बसमधून उतरणं-चढणं एवढंच माणसांच्या वाट्याला येतं. एकच जागा निवडा आणि ती ओळखणारं माणूस बरोबर द्या. मालगुंडला केशवसुतांच्या घरी जायचं तर तिथे बसून त्यांच्या चार कविता कुणीतरी नीट वाचून दाखवू द्या. कातळशिल्पं, म्हणजे सड्यावरच्या, उघड्या पठारावरच्या खडकात कोरलेली जुनी चित्रं, बघायची असतील तर सकाळी लवकर किंवा ऊन कललेलं असताना जा. तिरप्या उन्हात रेषा उठून दिसतात, आणि भर दुपारी सड्यावर सावलीला झुडूपसुद्धा नसतं. उक्षीचा किंवा कशेळीचा कोरलेला हत्ती बघताना, गावोगाव फिरून ही शिल्पं जगापुढे आणणारे सुधीर रिसबूड, धनंजय मराठे यांच्यासारख्यांचं काम कुणीतरी समजावून सांगितलं, तर ती सहल माणसं विसरत नाहीत. २०२२ मध्ये ही शिल्पं युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली आहेत. पाहुण्यांना चपला घालून त्यांवर चढू देऊ नका.

समुद्राबद्दल हात जोडून सांगते. गणपतीपुळ्याचा समुद्र दिसतो तसा शांत नाही. तिथे दरवर्षी परगावची माणसं ओढली जातात आणि त्यात जीव गेले आहेत. परिषदेचे प्रतिनिधी संध्याकाळी मोकळे झाले की किनाऱ्याकडे धावतात, त्यांना कुणी काही सांगितलेलं नसतं. नोंदणीच्या पिशवीत पेन आणि पॅड घालता, त्यात त्या दोन दिवसांच्या भरती-ओहोटीच्या वेळा आणि कुठे पाण्यात उतरायचं नाही याचा एक कागद घाला. पहिल्याच सत्रात माईकवरून सांगा. संध्याकाळी किनाऱ्यावर गावातली दोन जाणती माणसं मानधन देऊन उभी करा. बाकी सगळं जमलं नाही तरी चालेल, हे चुकवू नका.

माणसांनी घराघरांत राहून कार्यक्रम कसा लक्षात राहतो हे बघायचं असेल तर मंडणगड तालुक्यातल्या वेळासला जाऊन या. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ मध्ये तिथे ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी वाचवायला सुरुवात केली आणि २००६ पासून कासव महोत्सव होऊ लागला. पाहुणे गावकऱ्यांच्या घरी उतरतात, घरचं साधं जेवण जेवतात आणि सकाळ-संध्याकाळ किनाऱ्यावर जातात. पिल्लं कधी असतात, कधी नसतात. तरी माणसं पुन्हा येतात, कारण मधल्या वेळात ती कुणाच्या तरी ओटीवर बसलेली असतात. परिषदेच्या प्रतिनिधींनाही अशी घरं द्या. हॉटेलच्या खोलीत प्रत्येक जण आपापला मोबाइल घेऊन झोपतो.

संध्याकाळच्या कार्यक्रमात दशावतार किंवा नमन ठेवता, त्याचा मला आनंद आहे. पण पाहुणे जेवत असताना पंधरा मिनिटं राक्षस नाचवून घेणं म्हणजे दशावतार नव्हे. त्या नाटकाला लिहिलेली संहिता नसते. संवाद नट जागेवर उभे राहून बोलतात आणि समोरचा ऐकतोय की नाही यावर ते रंगतात. जेवणं उरकल्यावर सलग दोन तास त्यांना द्या. रंगायला आडोसा, आरसा आणि चांगला उजेड द्या. बाहेरगावच्या प्रतिनिधींना आधी पाच मिनिटं कथा सांगा. गावालाही बोलवा, गाव समोर बसलं की नटाचा आवाज वेगळा लागतो. बिदागी त्याच रात्री हातात द्या.

आता समारोप. डॅनियल काहनमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना एकदा ६० सेकंद १४ अंशांच्या गार पाण्यात हात बुडवायला लावला. दुसऱ्या वेळी तेच ६० सेकंद आणि वर आणखी ३० सेकंद, पण त्या शेवटच्या भागात पाण्याचा गारठा हळूहळू अंशभर कमी केला. यातलं कोणतं पुन्हा कराल असं विचारल्यावर बहुतेकांनी दुसरं, म्हणजे जास्त वेळाचं निवडलं. एखादा अनुभव आपल्याला आठवतो तो त्यातल्या सगळ्यात तीव्र क्षणावरून आणि शेवटावरून, असं त्यातून पुढे आलं. आपल्या परिषदांचा शेवट कसा असतो? अर्धं सभागृह रिकामं, गाडीची वेळ झाली म्हणून बॅगा घेऊन निघालेली माणसं, प्रमाणपत्रांच्या टेबलाशी ढकलाढकली, आणि माईकवर पन्नास नावांचं आभार प्रदर्शन. आभार छापून वाटा. प्रमाणपत्रं पहिल्याच दिवशी दुपारी लिहून ठेवा किंवा ईमेलने पाठवा. तुमचा सगळ्यात चांगला वक्ता उद्घाटनाला खर्ची घालू नका, शेवटच्या सत्राला ठेवा. ते सत्र गाडीच्या वेळेच्या तीन तास आधी संपवा, मग पंगत बसवा आणि निघताना प्रत्येकाच्या हातात गाडीत खायला शिदोरी द्या. स्मृतिचिन्हाची जड ढाल माणूस कपाटावर टाकतो. तिच्या पैशांत कोकमाची बाटली, आंबापोळी आणि शिदोरी सहज बसते, आणि ते पैसे गावातच राहतात.

पैशांचं निघालंच आहे तर एक गोष्ट स्पष्ट लिहिते. परिषद होऊन जाते, फोटो पेपरात येतात आणि मांडववाला, रिक्षावाले, बचत गटाच्या बायका महिनोन् महिने बिलासाठी फेऱ्या मारतात. त्या बायका पुढच्या परिषदेला मनापासून मोदक वळतील असं वाटतं का? अंदाजपत्रक करताना त्यांचे पैसे सगळ्यात आधी बाजूला काढा, आणि निधी कमी पडला तर फुलांच्या कमानी, फ्लेक्स आणि शाली कमी करा. प्लॅस्टिकच्या बाटल्यांऐवजी माठ आणि तांबे ठेवले तर दुसऱ्या दिवशी खाडीच्या कडेला पडणारा कचराही थांबेल. आमच्या गावाला तो कचरा पुढचा पावसाळा येईपर्यंत दिसत राहतो.

एक मागणी करून थांबते. यंदाची कार्यक्रमपत्रिका छापखान्यात जाण्याआधी एक बैठक घ्या. तिला मान्यवर नकोत. घरगुती निवास चालवणारे आम्ही, दोन रिक्षावाले, आचारी, बचत गटाच्या अध्यक्षा, किनाऱ्यावरचा एखादा जाणता मच्छीमार आणि मागच्या परिषदेला येऊन गेलेले दोन-तीन प्रतिनिधी फोनवर, एवढेच हवेत. तुमचा कच्चा कार्यक्रम आमच्यापुढे ठेवा, तासागणिक बघू. कुठे माणसं ताटकळतील, कुठे उपाशी राहतील, कुठे त्यांना एकमेकांशी बोलायला वेळच मिळणार नाही, ते आम्ही सांगू शकतो. बैठकीची जागा म्हणून आमची पडवी आहे, चहा-पोहे आमच्याकडून. तारीख कळवा.

आपली,
गणपतीपुळे परिसरातली एक घरगुती निवासचालक